सावंतवाडीत निवृत्त व्हायचंय? मग आधी आषाढात या

डिसेंबरात चार दिवस फिरायला आलेला माणूस संध्याकाळी मोती तलावाच्या कठड्यावर बसतो. समोर राजवाडा, पाण्यात दिव्यांची ओळ, हातात चितार आळीतून घेतलेली लाकडी भातुकली. दहा मिनिटांत तो विचारतो, "इथे एखादं घर मिळेल का हो?" मीही असाच विचारणारा होतो. ज्यांना विचारलं ते आजोबा सालईवाड्यातले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "पावस सोसवतलो? मगे बगा घर."

तेव्हा मला ते बोलणं तुसडं वाटलं होतं. आता कोणी विचारलं की मीही हेच सांगतो. पुढे लिहिलं आहे ते डोंबिवली, पुणे, ठाणे सोडून या तलावाकाठी उरलेलं आयुष्य काढू पाहणाऱ्यांसाठी. पायऱ्या आहेत, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काहींवर थांबावं लागतं.

पहिली पायरी : घर भाड्याने घ्या, आणि मेअखेरीस घ्या

अकरा महिन्यांचा करार करा आणि जून ते दिवाळी हे दिवस इथे काढा. मधे मुलांकडे पळायचं नाही. हिवाळ्यातली सावंतवाडी कोणालाही आवडते, तिची परीक्षा आषाढ-श्रावणात होते. आंबोली घाट इथून जेमतेम ३० किलोमीटरवर. महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी ते एक, आणि घाटाखाली आपण. झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी येते. मी तीन खोकी पुस्तकं आणली होती. पहिल्याच श्रावणात त्यातलं एक खोकं वाळवी आणि बुरशीने आपापसात वाटून घेतलं.

कलाप्रेमी मंडळींना हे जास्त लागतं. जलरंगाचं चित्र वाळता वाळत नाही, कागदाला ठिपके पडतात. तबल्याची पुडी सैल पडते, पेटीचा एखादा सूर अडतो. वाद्यं आणि कागद बंद कपाटात ठेवून आत छोटा बल्ब जळता ठेवणं हा इथला जुना उपाय आहे, आणि तो चालतो. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर हवाच. कौलारू घर घेतलंत तर मृगाच्या आधी कौलं परतून घ्यायची असतात. गडी ठरलेले असतात आणि मे महिन्यात ते कोणालाच मोकळे सापडत नाहीत. म्हणून घरमालकाला एप्रिलमध्येच विचारा, "कौलं परतली का?" उत्तराला उशीर झाला तर समजून घ्या.

आणि मासे. समुद्रातली मासेमारी १ जूनपासून बंद होते. ताजा बांगडा-सुरमई डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांची यात फसगत होते. ते दोन महिने सुक्या बाजारावर काढायचे असतात : सुके बांगडे, गोलमो, सुकट. मेमध्ये घेऊन डब्यात भरून ठेवा. पहिल्या पावसात ओढ्यांना चढणीचे मासे येतात, तो वेगळा आनंद. पण ते पकडणाऱ्याशी ओळख लागते, आणि पहिल्या वर्षी ती नसते.

हे सगळं सोसून झाल्यावर एखाद्या दुपारी पाऊस क्षणभर थांबतो, तलाव काठोकाठ भरलेला असतो, नरेंद्र डोंगरावरून ढग खाली उतरत असतात आणि रस्त्यावर कोणी नसतं. तुम्हाला तेव्हा "चला, घरी जाऊ" वाटलं आणि ते घर म्हणजे सालईवाड्यातलं भाड्याचं वाटलं, तर पुढची पायरी वाचा. डोंबिवलीतलं वाटलं असेल तर भाडं फुकट गेलं असं समजू नका. फार मोठा खर्च वाचला.

दुसरी पायरी : गावात की गावाबाहेर

प्रत्येकाच्या डोक्यात एक चित्र असतं. चिऱ्याचं घर, पुढे पडवी, मागे बाव म्हणजे विहीर, चार माड, दोन आंबे. असं घर चराठे, माजगाव, कोलगाव, कुणकेरी या बाजूला मिळतं. साठीत ते फार छान. पंचाहत्तरीत रात्री दोन वाजता छातीत कळ आली की त्याच घराचा उतार, पाणंदीची अरुंद वाट आणि अंधार मोजावा लागतो. शिवाय शेवाळलेला चिरा. पावसाळ्यात इथली किती कंबरडी अंगणातच मोडतात ते एखाद्या हाडाच्या डॉक्टरला विचारा.

माझं मत ऐकायचं तर तलावापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहा. सालईवाडा, सबनीसवाडा, खासकीलवाडा, उभाबाजार, कुठेही. बाजार, दवाखाना, वाचनालय, एसटी स्टँड पायाखाली येतात. सकाळी तलावाला फेरी मारताना रोज तीच माणसं भेटतात आणि सहा महिन्यांत त्यांतली चार आपली होतात. लांबच्या बागेतल्या घरात शांतता मिळते. ती दोन वर्षांनी किती नको होते हे मी दोन-तीन जोडप्यांत पाहिलं आहे.

महामार्गाची वाहतूक झाराप ते पत्रादेवी या बाह्यवळणावरून जाते, त्यामुळे गावातून मोठे ट्रक धडधडत नाहीत. सावंतवाडीचा निवांतपणा बराचसा त्यामुळे टिकला. पण याच न्यायाने रेल्वे स्थानकही गावात नाही. 'सावंतवाडी रोड' मळगावच्या बाजूला, सात-आठ किलोमीटरवर आहे. रात्री उशिराच्या गाडीने येणार असाल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी सांगून ठेवा. दादरहून येणारी तुतारी एक्सप्रेस इथेच संपते, त्यामुळे झोप लागली तरी पुढे गोव्यात जायची भीती नाही. गोव्यातल्या मोप्याचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाला आणि परदेशातल्या मुलांचं येणं सोपं झालं. गाडीने तो तासाभराच्या आत आहे.

तिसरी पायरी : कागद

इथे घाई केलेला माणूस पुढची दहा वर्षं तालुक्याच्या खेपा घालतो. म्हणून सविस्तर लिहितो.

शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं. कुळकायद्याची ही अट दलाल गोड बोलून बाजूला सारतो. "नंतर करून देऊ" म्हणाला की तिथून उठा. शेतकरी नसाल तर बिनशेती झालेला भूखंड किंवा गावातलं घर बघा. नगरपालिका हद्दीत सिटी सर्व्हे झालेल्या जागेची मिळकत पत्रिका मिळते, ती सातबाऱ्यापेक्षा वाचायला सोपी.

सातबारा हातात आला की आधी नावं मोजा. कोकणात एका गुंठ्यावर पंचवीस नावं निघतात. त्यांतले आठ वारलेले, वारस तपास झालेला नाही, एक बडोद्यात, दोघं परळला, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. समोर बसून चहा पाजणारा 'मालक' त्या सामाईक खात्यातल्या एका अंशाचा धनी असतो. घर तो वहिवाटतो, हे खरं. वहिवाट आणि विकायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या किंवा रीतसर वाटप झाल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

मग 'इतर हक्क' हा रकाना वाचा. कुळाचं नाव आहे का? बँकेचा बोजा आहे का? देवस्थान इनाम आहे का? 'खाजगी वन' असा शेरा आहे का? १९७५च्या खाजगी वन संपादन कायद्याखालच्या नोंदी इथे अनेक गटांवर आहेत आणि अशा जागेवर घर बांधायचं स्वप्न तिथेच संपतं. मागचे फेरफारही काढा. निदान तीन पिढ्या तरी.

घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, हा इथला आणखी एक प्रकार. जुन्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जमिनीत कुळांची घरं आहेत. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, नमुना आठ, दाखवून 'हे बघा, घर माझ्या नावावर' असं सांगितलं जातं. तो उतारा कर कोण भरतो एवढंच सांगतो. जमिनीचं काही सांगत नाही.

थंड हवेला भुलून वर आंबोलीत घ्यावं असं वाटेल. आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत 'कबुलायतदार गावकर' जमिनींचा गुंता आहे. संस्थानकाळात गावकऱ्यांनी मिळून सारा भरायची कबुली दिली आणि जमीन समाईक राहिली. पुढे सातबाऱ्यावर शासनाचं नाव लागलं आणि वर्षानुवर्षं वाटपाचा प्रश्न लोंबकळत राहिला. तिथे कोणी 'क्लिअर टायटल' म्हणाला तर आधी स्वतःचा वकील गाठा. दोडामार्गाच्या बाजूला बागायत घेणार असाल तर वृक्षतोडीवर न्यायालयाचे निर्बंध आहेत, आणि तिलारी परिसरात रानटी हत्ती आहेत. हत्ती माडाची बाग एका रात्रीत झोपवतो.

वाट आणि पाणी या दोन गोष्टी कागदावर हव्यात. "हंयसून जावचा, कोण काय बोलाचा नाय" हे आजचं. उद्या शेजारचा मुलगा मुंबईहून येतो आणि वाटेवर दगडी गडगा, कुंपण, घालतो. बावीत हिस्सा असेल तर तोही खरेदीखतात लिहून घ्या.

वकील विकणाऱ्याने सुचवलेला नको. हे सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः तसंच केलं होतं. वर्ष गेलं, व्यवहार फिसकटला, निम्मा बयाणा परत मिळाला.

चौथी पायरी : दवाखाना

साध्या तापापासून मोतीबिंदूपर्यंत गावात भागतं. उपजिल्हा रुग्णालय आहे, चांगले खाजगी डॉक्टर आहेत. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, पडव्याला खाजगी आहे. हृदय, मेंदू, मोठा अपघात म्हटलं की मात्र इथली पावलं पिढ्यान् पिढ्या बांबोळीकडे वळतात, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजकडे. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. २०१८पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागतं, तेव्हा आरोग्यविमा घेताना गोव्यातली आणि बेळगावातली कोणती रुग्णालयं त्याच्या यादीत आहेत ते बघा. पुण्यातल्या रुग्णालयांची यादी इथे कामाची नाही.

एक दिवस उगाच, काही न होता, घरापासून बांबोळीपर्यंत गाडीने जाऊन या आणि किती वेळ लागतो ते मोजा. मग पावसात पुन्हा मोजा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी हा आकडा पाहूनच घर घ्यायचं की नाही ते ठरवावं. १०८ची रुग्णवाहिका फुकट येते, पण पाणंदीत ती शिरत नाही. पुन्हा दुसरी पायरी वाचा.

इथले खास आजार दोन. शेतात-चिखलात उतरलात आणि नंतर ताप आला तर लेप्टोची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. दुसरा माकडताप. २०१६पासून दोडामार्ग आणि बांदा भागात तो दिसला. गोचिडींमुळे होतो आणि साधारण डिसेंबर ते मे या काळात जोर धरतो. नेमकं तेव्हाच काजूच्या बागेत भटकायची हौस येते. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. बाकी भीती फुरशाची, म्हणजे विषारी सापाची. रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, एवढं पुरतं.

पाचवी पायरी : कलेच्या दारात चप्पल काढून या

बहुतेक जण याचसाठी येतात, आणि याच ठिकाणी चुकतात. "आर्टिस्ट टाऊन" म्हणून कोणी वसवलेलं हे गाव नाही. इथे कला म्हणजे पोटाचा धंदा आहे. चितार आळीतला कारागीर सकाळी नऊला बसतो तो वांगी, केळी, डाळिंबं रंगवायला. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर हात इतका बसलेला की बोलता बोलता आंबा पिकतो. त्याच्याशी गप्पा मारायच्या तर दुपारी, गिऱ्हाईक नसताना. आणि आधी काहीतरी विकत घ्या. "प्लास्टिकपुढे हे टिकणार कसं?" हा प्रश्न त्याला रोज तीन जण विचारतात.

गंजिफा पाहायचा तर राजवाड्यात. गोल पानांचा हा खेळ. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. ही कला जवळजवळ संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः शिकल्या. हल्ली गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. दरबार हॉलमध्ये कारागीर काम करताना बघता येतात. एका पानावर किती वेळ जातो ते शांतपणे, फोन खिशात ठेवून बघा. किंमत जास्त का, हा प्रश्न आपोआप मिटतो.

ज्यांना स्वतःच्या हाताने काही करायचंय त्यांना मी गणपतीची शाळा सुचवतो. मूर्तीच्या कारखान्याला इथे शाळा म्हणतात आणि ते नाव अगदी बरोबर आहे. आषाढापासून वाडीवाडीत मातीचे गणपती बसू लागतात. जाऊन नुसते बसा. तीन-चार दिवसांनी कोणीतरी पॉलिश पेपर हातात देतं. मग पाटाला रंग द्यायला मिळतो. डोळे रंगवायला मिळतील ही आशा बाळगू नका, ते काम मूर्तिकार कोणाला देत नाही. पुण्यातले एक निवृत्त वास्तुविशारद आमच्या इथल्या शाळेत पहिल्याच दिवशी सोंडेचं प्रमाण समजावून सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांना कोणी चहा विचारला नाही.

कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि दशावतार. पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या आसपास नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते, नट आयत्या वेळी संवाद रचतात. कथा पुराणातली, टोमणे कालच्या ग्रामसभेतले. दुपारी झोप काढून जा, सोबत शाल आणि सतरंजी. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येते, तिला गर्दी फार. गुडघे कुरकुरत असतील तर लहान गावाची जत्रा निवडा, पुढे बसायला मिळतं. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगणं) आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरचं संग्रहालय अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वाचणाऱ्यांनी आल्या आठवड्यात श्रीराम वाचन मंदिराचं सभासद व्हावं. तलावाकाठी केशवसुत कट्टा आहे. तिथे कविता वाचायला मिळाली नाही तरी ऐकायला मिळते, आणि निवृत्त माणसाने पहिलं वर्ष ऐकण्यात घालवलेलं बरं.

सहावी पायरी : माणसं

मालवणी समजायला महिना लागतो, बोलायला दोन वर्षं. तोडकीमोडकी बोलून दाखवू नका, नक्कल वाटते. "खयसून इलास?" हा प्रश्न चौकशीचा असतो, संशयाचा नाही. मूळ गाव, आडनाव, मुलं काय करतात, हे सगळं विचारलं जाईल. तुम्हीही विचारा. इथे खाजगीपणाची कल्पना वेगळी आहे : तुमचं सगळं सगळ्यांना ठाऊक असतं, पण वेळेला धावून येतं तेही यातूनच.

मंगळवारी आठवडा बाजार. नाचण्यापासून कोयत्यापर्यंत सगळं मिळतं. बाजारात वयस्क बाईला काकी म्हणा. घासाघीस करा, पण रानभाजी घेऊन बसलेल्या म्हातारीशी करू नका. टाकळा, कुड्याच्या शेंगा, अळू हे पावसात ती डोंगरातून वेचून आणते.

घर घेतलंत की गाऱ्हाणं घालून घ्या. तुमची श्रद्धा असो वा नसो. वाडीतला जाणता माणूस जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, हाक घालतो, "ह्या तुझ्या लेकराक सांभाळ," आणि मागे उभी असलेली मंडळी "होय म्हाराजा" म्हणतात. त्या "होय"मध्ये शेजाऱ्यांनी तुम्हाला घेतलेलं असतं. वास्तुशांत शहरातल्या पाहुण्यांसाठी करा, हे वाडीसाठी.

गणपतीत गाव चाकरमान्यांचा होतो. त्या दिवसांत मुलांना बोलवायचं तर रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. भजनी मंडळं घरोघर येतात. उसळ किती शिजवायची ते शेजारणीला विचारा. आम्ही पहिल्या वर्षी दहा माणसांची केली होती, आली चाळीस.

उरलेली कामं

आधारचा पत्ता बदला, मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म भरा, गॅस हलवा. पेन्शन आहे त्याच बँकेत राहू दे, हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाईलवरूनही देता येतो. एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ला अर्धं, बायकांना अर्धं. वेंगुर्ला, शिरोडा, कुडाळ सगळं एसटीने होतं. गाडी चालवायची हौस इथल्या पावसात फिटते.

पहिल्या जूनची पिशवी

प्लास्टिकच्या चपला दोन जोड, चांगली बॅटरी, महिन्याची औषधं जास्तीची (घाट आणि रेल्वे एकदमच बंद पडतात), हवाबंद डबे, कडुनिंबाचा पाला, जुने सुती पंचे. पुस्तकं दहाच आणा, बाकीची दिवाळीनंतर. छत्री आणू नका. शहरातली छत्री इथे पहिल्या आठवड्यात उलटी होते. बाजारात लाकडी दांड्याची काळी मिळते, तीच घ्या, आणि दांड्यावर नाव घाला. वाचन मंदिराच्या दारात तशा वीस उभ्या असतात.